उतेऱ्याची लाखोळी

आदरणीय सर,


कृषीची पदवी घेऊन बरीच वर्षं झाली, तरी पहिल्या वर्षाचा तो तास अजून सलतो. धान निघाल्यावर बांधीत काय घेता, असं तुम्ही वर्गाला विचारलंत. मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातला, आश्रमशाळेत शिकलेला. त्या दिवशी पहिल्यांदाच हात वर केला. म्हणालो, आमच्याकडे कापणीच्या पंधरा दिवस आधी उभ्या धानातच, ओल्या चिखलात लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. नांगर नाही, पाणी नाही. याला उतेरा म्हणतात.

वर्ग हसला. त्याचं वाईट वाटलं नाही. कपाशी-सोयाबीनच्या मुलखातल्या पोरांनी बांधी पाहिलीच नव्हती. पण तुम्हीही हसलात, सर. "लाखोळी खाऊन पाय लुळे पडतात, माहीत आहे ना?" एवढं बोलून पुढे गेलात.

पाय लुळे पडतात, खरं आहे. पण ते महिनोन्महिने पोटात दुसरं काही जात नाही तेव्हा. कमी विषाचे 'रतन', 'प्रतीक' असे वाणही निघाले आहेत. त्याच तासाला हे सांगितलं असतंत, तर मी सुट्टीत आजीला सांगितलं असतं.

तिसऱ्या वर्षी तुम्हीच फळ्यावर 'रिले क्रॉपिंग' लिहिलंत. उभ्या पिकात दुसरं पीक पेरायचं, उरल्या ओलीवर वाढवायचं, ते कडधान्य असेल तर मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतं. मी सगळं इंग्रजीत उतरवून घेतलं. ती आजीचीच बांधी होती.

वर्गात मुलचेऱ्याचा बंगाली मित्र होता, सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा होता. भामरागडची एक माडिया मुलगी होती. तिच्या घरी पेंदा, म्हणजे जंगल तोडून-जाळून फिरती शेती, करायचे. माझी फजिती पाहून तिनं चार वर्षांत वर्गात पेंद्याचा शब्द काढला नाही.

धानाचे वाण शिकवताना तुम्ही दादाजी खोब्रागडेंचं नावही घेतलं नाही. नागभीड तालुक्यातलं त्यांचं नांदेड गाव आपल्या किती जवळ! तिसरीपर्यंत शिकलेल्या या माणसानं १९८३ मध्ये पटेल-३ च्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या, जपल्या, आणि एचएमटी धान दिलं. ३ जून २०१८ ला ते गेले. आमच्यासारख्यांच्या घरातला माणूस फळ्यावर दिसला असता, तर आम्ही बोललो असतो, सर.

यंदा माझी पुतणी कृषीला लागली. जायच्या आदल्या रात्री तिनं विचारलं, "काका, वर्गात गोंडी शब्द निघाला तर चालते का?" मला उत्तर देता आलं नाही. ते तुम्ही द्या.

आपला,
एक माजी विद्यार्थी