देशोदेशी : ओझ्याचा हिशेब

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी एक मार्मिक शंका विचारली आहे. त्यांचा भाचा अमेरिकेतील कोलोराडो राज्यात स्थायिक आहे. तेथील सहकाऱ्यांबरोबर तो पाच दिवस डोंगरात शिकारीस गेला होता. परतल्यावर दूरध्वनीवरून तो नेमबाजीविषयी अवाक्षरही बोलला नाही. पाठीवर वाहिलेल्या ओझ्याच्याच गोष्टी सांगत राहिला. “घरोघरी मोटारी असलेल्या देशात माणसे मांस पाठीवर का वाहतात?” असे या भगिनी विचारतात. शिकार हा विषय पुष्कळ वाचकांना रुचणार नाही, याची जाणीव आहे. तरीही या ओझ्यामागे एक विचार आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संस्थानी थाट उभा राहतो. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर येथील जुन्या पिढीने त्याच्या कथा ऐकलेल्या आहेत. मचाण बांधणारे वेगळे, हाकारे घालणारे वेगळे, बंदूक भरून हाती देणारा वेगळा आणि पडलेले जनावर उचलून आणणारे तर आणखीच वेगळे. शिकाऱ्याच्या वाट्याला येई तो फक्त चाप ओढण्याचा क्षण आणि नंतरचे छायाचित्र. कोकणात व घाटमाथ्यावर गावकीची पारध निघे, तिची रीत निराळी. तेथे मांसाचे वाटे पडत आणि हाकाऱ्यालाही त्याचा वाटा मिळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा हा अध्याय संपला, आणि ते योग्यच झाले.

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात मात्र परवाना काढून, ठरावीक हंगामात सामान्य नोकरदारही शिकारीस जातो. तेथील पुष्कळ वनक्षेत्रे १९६४ च्या कायद्याने ‘निबिड अरण्य’ म्हणून राखलेली आहेत. त्यांच्या हद्दीत मोटार तर नाहीच, सायकलही नेता येत नाही. जायचे ते पायी, किंवा घोडे, खेचरे यांच्या साहाय्याने. भाड्याची खेचरे सर्वांनाच परवडतात असे नाही. तेव्हा उरते ती स्वतःची पाठ.

हिशेब घरातूनच सुरू होतो. तंबू, स्लीपिंग बॅग, गरम कपडे, स्वयंपाकाचे साहित्य, दुर्बीण, चार किलोंच्या आसपासची बंदूक, दोन लिटर पाणी आणि दिवसाला पाऊण किलो या मानाने कोरडा शिधा. पाच दिवसांचे एवढे सामान सहज वीस किलोंवर जाते. म्हणून जाणती माणसे प्रत्येक वस्तू काट्यावर तोलून पाहतात. दोन पातेल्यांऐवजी एक घेतात, जादा कपडे घरी ठेवतात. मात्र प्रथमोपचार, दोर, धारदार सुरी आणि मांसासाठीच्या कापडी पिशव्या यांत काटकसर करीत नाहीत. जाताना वाचवलेला प्रत्येक किलो येताना उपयोगी पडतो, हे त्यांना ठाऊक असते.

खरी परीक्षा परतीची. रॉकीतील मुख्य शिकार एल्क नावाच्या हरणाची. हा प्राणी आपल्या सांबराच्या कुळातला, पण अधिक थोराड. मोठ्या नराचे वजन तीनशे किलोंपर्यंत भरते. आतडी, कातडे, हाडे वजा जाता शंभर किलोंच्या आसपास मांस उरते. मागच्या दोन मांड्या, पुढचे दोन फरे, पाठीच्या कण्यालगतच्या पट्ट्या आणि मानेचे मांस असे त्याचे भाग करतात. पंचवीस किलोंची एक खेप धरली तर मांसाच्या चार खेपा होतात आणि तंबू-सामानाची पाचवी. मोटार पाच किलोमीटरवर उभी आहे असे समजू. पाच वेळा भरल्या पाठीने जायचे आणि चार वेळा रिकाम्या पाठीने यायचे, म्हणजे नऊ फेरे, पंचेचाळीस किलोमीटर! तेही चढउताराच्या, पडलेल्या ओंडक्यांच्या वाटेने. हेच अंतर दहा किलोमीटर असेल तर नव्वद. सोबती असल्यास खेपा वाटून घेता येतात. म्हणूनच अनुभवी शिकारी जनावर दिसताच बंदूक उचलत नाही. आधी ते कोठे उभे आहे, मधली दरी किती खोल आहे आणि आपण किती जण आहोत हे मनाशी मांडतो. हिशेब जमत नसेल तर समोरचे जनावर जाऊ देतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, या आपल्या म्हणीचाच हा डोंगरी अवतार म्हणावा.

हाडे काढून टाकली तर ओझे बरेच उतरते. पण सुटे मांस पिशवीच्या तळाशी गोळा होऊन पाठीला ओढ देते. म्हणून जड मांस दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीला लगटून बांधतात आणि हलके सामान खाली ठेवतात. आपल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून घागर तोलतात, त्यामागे असलेलेच हे शहाणपण आहे : भार शरीराच्या सरळ रेषेत हवा. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टी आणि त्यांच्या पत्नी नीना यांनी घरच्या घरी अल्युमिनियमच्या सांगाड्याच्या सॅक बनवायला आरंभ केला. सांगाडे डिक जोडत, पिशव्या नीना शिवत. या सॅकला कमरपट्टा असल्याने खांद्यांवरचा बराचसा भार कमरेवर उतरला. आजच्या सॅकच्या घडणीत या विचाराचा मोठा वाटा आहे.

पाठीइतकाच वेळेचाही प्रश्न असतो. जनावराचे अंग गरम असते. कातडे लवकर सोलले नाही तर मांड्यांचे मांस हाडालगत आतून नासू लागते. म्हणून ते सोलून, हवा खेळेल अशा सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगतात. पिशवीमुळे माश्या बसत नाहीत. अस्वलाचा वावर असेल तर मांस आतड्यांपासून दूर, लांबून दिसेल अशा जागी ठेवतात आणि पुढच्या खेपेला येताना मोठ्याने बोलत येतात.

ओझे हलके करण्याची कला तेथील मूळ रहिवाशांना फार पूर्वी साधली होती. उत्तरेकडील क्री व इतर जमाती गव्याच्या मांसाच्या पातळ पट्ट्या वाळवून कुटत आणि वितळलेल्या चरबीत मिसळून ‘पेमिकन’ करीत. पाणी निघून गेल्याने वजन फार घटे आणि पदार्थ दीर्घकाळ टिके. कॅनडातील कातड्यांच्या व्यापाराचे नावाडी याच शिदोरीवर जगत. नव्वद पौंडांचे तिचे गठ्ठे ते पाठीवरून वाहून नेत.

हे ज्ञान नसले तर काय होते, याचे करुण उदाहरण अलास्कात घडले. १९९२ साली ख्रिस मॅकॅन्डलेस हा चोवीस वर्षांचा तरुण दहा पौंड तांदूळ आणि एक बंदूक घेऊन एकटाच अरण्यात राहावयास गेला. जूनमध्ये त्याने एक मूस मारले. एल्कपेक्षाही कितीतरी प्रचंड असे हे जनावर; मोठ्या नरापासून सव्वादोनशे किलोंपर्यंत मांस मिळते. पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर सुकवण्याची स्थानिक रीत त्याला माहीत नव्हती. त्याने धुराचा प्रयोग केला. तो फसला, मांसात अळ्या पडल्या आणि बहुतेक सारे सोडून द्यावे लागले. आपण ते जनावर मारायला नको होते, असा पश्चात्ताप त्याने रोजनिशीत नोंदवला आहे. ऑगस्टमध्ये उपासमारीने त्याचा अंत झाला. जॉन क्राकौअर यांनी १९९६ मध्ये त्याच्यावर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले.

अलास्कात मारलेल्या मोठ्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात सोडून येणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड व कैद होऊ शकते. आधी मांस बाहेर आणायचे. शिंगे न्यायची ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर, असा तेथील नियम आहे. भिंतीवरच्या शोभेपेक्षा चुलीवरच्या अन्नाचा मान मोठा, हे कायद्याने किती नेमकेपणाने सांगितले आहे!

शिकार करावी की करू नये, याचा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडू. परंतु जीव घेणाऱ्याने त्याचा भार स्वतःच्या पाठीवर वाहावा, या दंडकात एक कठोर न्याय आहे. ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर असते तेव्हा हाव वाढते. आपल्या पाठीवर आले की पुरे कोठे म्हणावे ते आपोआप कळते. ज्यांची मुले परदेशी अशा सहलींना जातात, त्यांनी एवढेच विचारावे : बरोबर किती जण आहेत, वाट किती लांब आहे आणि घरी नकाशा ठेवून निघालास ना?