गालापागोसची जलयात्रा : तिकिटाआधी वैद्यकीय सल्ला

सत्तरी उलटलेल्या आईवडिलांना गालापागोसच्या जलयात्रेला नेता येईल का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. परंतु वय हा त्यातला मुख्य अडसर नव्हे, हे प्रारंभीच सांगायला हवे. इक्वादोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेस असलेली ही ज्वालामुखीजन्य बेटे पाहण्यासाठी दणकट शरीरापेक्षा दूरदृष्टीचे नियोजन अधिक उपयोगी पडते.

नियोजनाचा प्रारंभ विमानाच्या तिकिटापासून नव्हे, तर लसीपासून करावा. इक्वादोरहून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतात पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते नसल्यास ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. गालापागोसमध्ये स्वतः पीतज्वराचा धोका नाही, पण नियम देशाच्या नावाने लागतो. खरी अडचण पुढेच आहे. ही लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची असते आणि साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांत तिचे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा अधिक आढळतात. प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे चालू असलेल्यांनी, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी किंवा थायमस ग्रंथीचा विकार झालेल्यांनी ती घेऊ नये. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलावे. त्यांनी लस नको म्हटले, तर त्यांच्या पत्रावर परतीचा प्रवेश कसा होईल, हे विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारून घ्यावे. लस घेतल्यास प्रमाणपत्र १० दिवसांनंतर ग्राह्य ठरते. तेव्हा शेवटच्या आठवड्यावर हे काम ढकलू नये.

बेटांवरची विमाने कितो आणि ग्वायाकिल या दोन शहरांतून सुटतात. कितो सुमारे २८५० मीटर उंचीवर आहे. हृदयविकार वा दम्याच्या रुग्णाने तेथे मुक्काम करण्याचा मोह टाळून समुद्रसपाटीजवळचे ग्वायाकिल निवडावे.

आता जहाज. या बेटांत फिरणाऱ्या जहाजांवर जास्तीत जास्त १०० प्रवासी असतात; पुष्कळशी लहान जहाजे अवघ्या १६ जणांची असतात. लहान जहाजावर घरगुती जिव्हाळा असतो खरा, पण ते हेलकावेही अधिक खाते. वृद्धांसाठी मोठे जहाज, त्यावर डॉक्टर आहेत याची खातरजमा आणि खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन, असा आमचा आग्रह राहील. सांताक्रूझ व सान क्रिस्तोबाल बेटांवर रुग्णालये आहेत. मात्र गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवरच हलवावे लागते. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा त्यामुळे अनिवार्य समजावा, आणि तो घेताना जुना मधुमेह वा बायपास लपवू नये.

बोट लागण्यावरच्या गोळ्या आपण सहज घेतो. उतारवयात त्यांनी ग्लानी येते, तोल जातो, कधी बुद्धिभ्रमही होतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यावरचा दाब वाढतो आणि सिनॅरिझिनने कंपवात बळावतो. कोणती गोळी आपल्याला चालेल, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे असल्याने इन्सुलिनच्या वेळांचा तक्ताही डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा. नेहमीची औषधे सोबतच्या पिशवीत ठेवावीत; विमानात सामान म्हणून सोपवलेल्या बॅगेत मुळीच नकोत.

ऋतू विचाराल तर एप्रिल-मे. जानेवारीपासून मेपर्यंत पाणी उबदार आणि समुद्र बहुधा शांत असतो. जुलैनंतर थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे लाटा वाढतात, गारुआ नावाची धुक्याची भुरभुर पडते. एस्पान्योला बेटावरचे अल्बाट्रॉस एप्रिलपासून दिसू लागतात, आणि नातवंडांच्या शाळेची सुटीही तेव्हाच असते!

जहाजातून किनाऱ्यावर रबरी होडीने जावे लागते. उतरणे दोन प्रकारचे असते : खडकावर वा धक्क्यावर कोरडे, किंवा गुडघाभर पाण्यात ओले. कार्यक्रमपत्रिकेत हे आधीच दिलेले असते. सोबत जाणाऱ्या मुला-सुनांनी ते वाचून कोणत्या दिवशी कोण उतरणार, हे ठरवावे. होडीत चढता-उतरताना हाताला हात न देता मनगटाला मनगट धरावे, म्हणजे पकड सुटत नाही. बार्तोलोमे बेटाचा माथा गाठायला साडेतीनशेहून अधिक लाकडी पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी त्या दिवशी होडीतूनच किनाऱ्याची फेरी मारावी. पाण्यालगतच्या खडकांवर पेंग्विन दिसण्याची शक्यता तेथे चांगली असते. सांताक्रूझच्या उंचावरील हिरव्या कुरणांत तर वाहन थेट जाते. शंभरीपार जगणारी महाकाय कासवे तेथे गवत खात हिंडतात, आणि त्यांच्यापासून २ मीटर दूर राहण्याचा नियम असल्याने बाकावर बसून पाहणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा फारसे कमी दिसत नाही.