हात बघून चेंडू

भातकापणी उरकली, शेतं रिकामी झाली की रायगड जिल्ह्यातल्या रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावापासून थेट पेणपर्यंत क्रिकेटचा मोसम सुरू होतो. दिवाळीनंतर स्पर्धांची पत्रकं टपऱ्यांवर चिकटतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. प्रवेश फी, पहिलं-दुसरं बक्षीस, मालिकावीराला काय मिळणार, उद्घाटनाला कोण येणार, सगळं ठळक अक्षरात असतं. चेंडूचा उल्लेख असलाच तर दोन शब्दांत: हार्ड टेनिस.

मोठ्यांचे सामने सुरू होण्याआधी सकाळी मैदान पोरांचं असतं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा आदल्या दिवशीच्या सामन्यातला चेंडू उचलतो. दोन बोटांत तो मावत नाही, म्हणून चार बोटं आणि अंगठा लावून धरतो. टाकताना हात कानाजवळून वर येत नाही, चेंडू खांद्यातून ढकलला जातो. समोरचा फलंदाज टप्पा पडायच्या आतच लेगला सरकलेला असतो. बॅटच्या टोकाला लागला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. कडेला बसलेले मोठे ओरडतात, ‘घाबरतोस काय, पुढे ये की!’ पोराच्या धाडसात काहीही कमी नसतं. त्याच्यापुढे आलेला चेंडू मोठ्या माणसाच्या हाताचा असतो, आणि याकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

खेळणाऱ्याच्या मापाचा चेंडू कसा निवडावा, यावर सगळ्यात बारकाईने डोकं खपवलं गेलं ते गोल्फमध्ये. हा खेळ रायगडात थोडेच लोक खेळतात, पण तो जिल्ह्याला परका नाही. सिडकोने खारघरला पांडवकड्याच्या परिसरात २०१२ साली गोल्फचं मैदान सुरू केलं, आणि खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडातच येतं.

गोल्फच्या चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, अशी नियमांची चौकट आहे. त्या चौकटीत कितीतरी प्रकार बसतात. कुठे दोन थर, कुठे तीन, कुठे चार. वरचं कवच कुठे टणक आयोनोमरचं, कुठे मऊ युरेथेनचं. दाबल्यावर चेंडू किती दबतो, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. क्लब, म्हणजे मारायची काठी, चेंडूला टेकतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात चेंडू चपटा होतो, पुन्हा मूळ आकाराला येऊ लागतो आणि सुटतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचं, टोक चेंडूवर येतं तेव्हा वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास असतो. रविवारी हौसेने खेळणाऱ्या पुरुषाचा वेग १५० च्या घरात, आणि ज्येष्ठांचा बहुतेक वेळा त्याहूनही कमी. म्हणून चेंडू घ्यायला गेलेल्याला पहिला प्रश्न विचारला जातो: स्विंगचा वेग किती?

इथवर सोपं वाटतं. स्विंग हळू असेल तर मऊ चेंडू घ्या, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला आणि आजही दिला जातो. पण यंत्राने फटके मारून मोजलं की वेगळंच दिसतं: मऊ चेंडू बहुतेकदा थोडा कमी वेगानेच सुटतो, हळू स्विंगलासुद्धा. मऊपणाने हाताला सुख मिळतं आणि ड्रायव्हरवर फिरकी कमी होते, त्यामुळे वाकडा जाणारा चेंडू जरा कमी वाकडा जातो. हळू स्विंगवाल्याची खरी अडचण निराळी असते. त्याचा चेंडू पुरेसा उंच चढत नाही आणि हवेत टिकत नाही, म्हणून त्याला उंच उडणारा चेंडू जास्त उपयोगी पडतो. ग्रीनजवळ, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीजवळ, टाकलेला चेंडू जागेवर थांबायला हवा असेल, तर बाहेरचं कवच युरेथेनचं असलेलं बरं.

जाणते प्रशिक्षक म्हणूनच उलटीकडून सुरुवात करायला सांगतात. आधी चेंडू भोकात ढकलायचा पटर, मग ग्रीनभोवतीचे छोटे फटके, मग मधल्या अंतराचे आयर्न क्लब, आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. दोन-तीन प्रकारचे चेंडू घ्यावेत, प्रत्येकाने एक-दोन फेऱ्या खेळून पाहाव्यात, एक ठरवावा आणि पुढे तोच वापरावा. टीव्हीवर जिंकणाऱ्याच्या हातात दिसला म्हणून महागडा चेंडू उचलणारा, स्वतःचा हात न मोजताच दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेतो.

खुद्द नियम करणाऱ्यांनाही हा हिशेब टाळता आलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फच्या दोन नियामक संस्थांनी चेंडूच्या अंतराची चाचणी कडक करण्याचं जाहीर केलं. चाचणीतला क्लबचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५ मैलांवर जाणार. जोरात मारणाऱ्यांपुढे जुनी मैदानं अपुरी पडू लागली, हे त्यामागचं कारण. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सगळ्यात लांब मारणाऱ्यांचं अंतर १३ ते १५ यार्डांनी घटेल, हौशी खेळाडूचं पाच यार्ड किंवा त्याहून कमी. एकच चेंडू वेगवेगळ्या हातांत वेगवेगळा वागतो, हे त्यांनी आकड्यांत मांडून दाखवलं.

गोल्फमध्ये मात्र एक सोय आहे. प्रत्येकाचा चेंडू स्वतःचा असतो, निवड चुकली तर फटका त्याचा त्यालाच. क्रिकेटमध्ये दोन्ही संघ एकाच प्रकारच्या चेंडूने खेळतात. खेळणाऱ्या पोराला निवडीचा हक्कच नाही, तो आयोजकाकडे आहे. आणि म्हणून जबाबदारीही त्याचीच आहे.

क्रिकेटच्या नियमांत ही तरतूद स्वच्छ लिहिलेली आहे. २०१७ च्या संहितेतला चौथा नियम चेंडूचा. पुरुषांच्या चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, स्त्रियांच्या चेंडूचं १४० ते १५१ आणि तेरा वर्षांखालच्या मुलांच्या चेंडूचं १३३ ते १४४. घेरही त्या हिशेबाने कमी होत जातो: पुरुषांचा २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, मुलांचा २०.५ ते २२. एक-दोन सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटेल त्याने सहावीतल्या मुलाच्या हातात दोन्ही चेंडू आळीपाळीने द्यावेत. लहान चेंडूवर त्याची पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन्ही बाजूंना आपोआप बसतात आणि अंगठा खाली येतो. मोठ्या चेंडूवर तो पंजा पसरतो. स्विंग, कटर, फिरकी हे सगळं पुढचं शिक्षण त्या पकडीवर उभं राहतं.

हलका चेंडू म्हणजे कमअस्सल खेळ, अशी समजूत अजून आहे. रोह्याहून गाडी धरून पनवेलला उतरलं आणि हार्बरची लोकल पकडली की नेरूळ येतं. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मंधाना त्या संघाची सलामीवीर. तीनच दिवस आधी, त्याच मैदानावरच्या उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या होत्या. हे सगळं स्त्रियांच्या, म्हणजे वजनाने हलक्या चेंडूवर झालं. त्या खेळाला दुय्यम म्हणायची हिंमत आता कोणी करू नये.

टेनिसवाले याच्याही पुढे गेले. जानेवारी २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद झाला. त्याऐवजी लाल, मग नारिंगी, मग हिरवा असे टप्पे आले. लाल चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के हळू, नारिंगी ५० आणि हिरवा २५. फुटबॉलमध्येही लहान मुलांना चार नंबरचा चेंडू देतात.

एवढ्या लांबही जायला नको. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा आणि स्त्रियांचा ४ किलोचा, हे आपल्या शाळांतल्या खेळाच्या शिक्षकांना तोंडपाठ असतं. चौदा वर्षांच्या मुलीपुढे पुरुषांचा गोळा ठेवला तर ते स्वतः स्पर्धा थांबवतील. तीच मुलगी क्रिकेटच्या मैदानात आली की मात्र तिच्या हातात मोठ्यांचा चेंडू जातो आणि कोणी हरकत घेत नाही.

पालकांचं आणि जुन्या खेळाडूंचं म्हणणं असतं, ‘पुढे जायचंय ना, मग आत्तापासून जड बॉलची सवय होऊ दे.’ या म्हणण्यामागची ओढ खोटी नाही. टेनिस चेंडूच्या क्रिकेटला आता खरोखर पैसा आणि नाव आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, तेव्हा गावोगावच्या पोरांनी ती मोबाइलवर पाहिली आणि आपणही तिथवर पोहोचू शकतो असं त्यांना वाटू लागलं. पण पकड, मनगट, पुढचा पाय या गोष्टी ज्या वयात अंगात मुरतात, त्याच वयात मूल चेंडूपासून बाजूला व्हायला शिकलं, तर ती सवय तेराव्या वर्षी एका दिवसात सुटत नाही. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चा असते आणि ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. तिच्यावर रोजचा जादा भार टाकण्यात शहाणपण नाही.

खर्चाचं कारणही पुढे येतं. मोठ्या बक्षिसांच्या रकमेपुढे मुलांच्या सामन्यांसाठी वेगळे चेंडू आणण्याचा खर्च किरकोळ आहे. तो करायचा नाही असं ठरवलं, तरच तो परवडत नाही.

हार्ड टेनिसच्या चेंडूचा गोंधळ आणखी आहे. लॉन टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. मैदानावर ज्याला ‘हार्ड’ म्हणतात तो त्याच्या जवळजवळ दुप्पट, कधी त्याहूनही जड. लेदर चेंडूला नियमपुस्तकाचा आधार आहे, हार्ड टेनिसला खोक्यावरच्या शब्दाचा. त्यामुळे पोरांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी वयाप्रमाणे चेंडूचं वजन स्वतः ठरवावं आणि पत्रकात प्रवेश फीच्या खालच्या ओळीत छापावं: बारा वर्षांखाली साधा हलका टेनिस, त्यावरच्यांना मधल्या वजनाचा, मोठ्यांना हार्ड. मुलींच्या सामन्यांसाठी वेगळी ओळ. लेदरवर खेळवायचं असेल तर नियमातले आकडे आहेतच.

आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चेंडूंचं खोकं घेऊन एकाने रोह्याच्या बाजारात किराणा दुकानात जावं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक चेंडू ठेवावा, आकडा वाचावा आणि लहानांचे चेंडू वेगळ्या पिशवीत भरावेत.