घर टेक्सासमध्ये, करदाता करकंबमध्ये!

करकंब (ता. पंढरपूर), प्रतिनिधी - करकंबसारख्या गावातून पुण्यामार्गे अमेरिकेत गेलेली पहिली पिढी आता चाळिशी-पन्नाशीला पोहोचली आहे. आई-वडिलांचे वय, मागे राहिलेली शेती, मुलांचे शिक्षण अशा कारणांनी त्यांपैकी काहींचा परतण्याचा निर्णय पक्का होतो. नोकरी सुटते, सामान बांधले जाते. परंतु कर्ज काढून घेतलेले तिथले घर विकण्याची घाई सहसा कोणी करीत नाही. ते भाड्याने दिले जाते आणि भाडे तिथल्याच बँकेत साठत राहते. 'घर तिकडचे, कर तिकडे भरला, इथे सांगायचे काय?' हा त्यामागचा समज. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा महागात पडू शकतो.

भारत-अमेरिका दुहेरी कर आकारणी टाळण्याच्या १९८९च्या करारानुसार स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार ती ज्या देशात आहे त्या देशाला आहे. मात्र त्यामुळे मालकाच्या राहत्या देशाचा अधिकार संपत नाही. तो फक्त तिकडे भरलेल्या कराची वजावट देतो. परतल्यानंतरची पहिली वर्षे त्या मानाने सुखाची. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, किंवा आधीच्या सात वर्षांत ७२९ दिवसांहून अधिक काळ भारतात न राहिलेली व्यक्ती 'निवासी, परंतु सर्वसाधारण निवासी नव्हे' या वर्गात मोडते. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना ही सवलत साधारणतः दोन-तीन वर्षे मिळते. या काळात परदेशातील भाडे तिकडच्याच खात्यात जमा होत असेल, तर त्यावर भारतात कर नाही. गोम अशी, की ही मुदत संपल्याचे कळवणारी नोटीस कोणी पाठवीत नाही. दिवस मोजायचे ते करदात्यानेच.

मुदत संपल्यावर काय होते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. टेक्सासमधील घराचे वर्षाचे भाडे २४ हजार डॉलर आहे. स्थानिक मालमत्ता कर ५ हजार, कर्जाचे व्याज ९ हजार, विमा व दुरुस्ती ४ हजार आणि इमारतीचा घसारा ७ हजार डॉलर. टेक्सास राज्याचा स्वतःचा प्राप्तिकर नाही. अमेरिकेच्या केंद्रीय करासाठी अनिवासी मालकाने निव्वळ उत्पन्नावर आकारणीचा पर्याय निवडला असेल, तर हे सारे खर्च वजा होऊन हजार डॉलरचा तोटाच दिसतो, कर शून्य. (पर्याय न निवडल्यास पूर्ण भाड्यावर ३० टक्के, हे वेगळेच.) भारतीय कायद्याचे गणित निराळे आहे. येथे घरभाड्यातून घसारा, विमा किंवा प्रत्यक्ष दुरुस्ती वजा होत नाही. स्थानिक कर वजा जाता उरलेल्या १९ हजारांवर सरसकट ३० टक्के, म्हणजे ५,७०० डॉलरची सूट मिळते. त्यातून व्याज गेले की ४,३०० डॉलरचे करपात्र उत्पन्न शिल्लक राहते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला उपकरासह सुमारे १,३४० डॉलर भरावे लागतात. अमेरिकेत कर भरलेलाच नसल्याने वजावट कशाची मागणार? भरीस भर म्हणजे तिकडचे करवर्ष जानेवारीत सुरू होते आणि आपले एप्रिलमध्ये, त्यामुळे कर भरला असला तरी त्याचा मेळ घालणे हे चार्टर्ड अकाउंटंटचे निम्मे काम होऊन बसते.

करापेक्षा मोठा धोका माहिती न देण्याचा आहे. सर्वसाधारण निवासी झालेल्या व्यक्तीने विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दाखवणे बंधनकारक आहे. त्यातून उत्पन्न मिळो वा न मिळो. २०१५च्या काळा पैसाविरोधी कायद्यानुसार ते न दाखविल्यास १० लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तांना या दंडातून वगळण्यात आले खरे, पण ती सवलत स्थावर मालमत्तेला नाही. म्हणजे बँकेतील विसरलेली शिल्लक माफ. पगारातून हप्ते फेडून उघडपणे घेतलेले घर मात्र नाही. काळा पैसा दडवणाऱ्यांसाठी केलेल्या कायद्याची ही कडक बाजू नेमकी नोकरदार परतणाऱ्यांच्या वाट्याला यावी, हे तर्काला धरून नाही.

करकंबहून बाहेर जाणाऱ्यांची अडचण याच्या उलट आहे. पुण्यातील सदनिका भाड्याने देऊन परदेशी गेलेल्या मालकाला भाडे देताना भाडेकरूने ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो आणि त्याला किमान रकमेची मर्यादा नाही. निवासी मालकाच्या बाबतीत वैयक्तिक भाडेकरूला दरमहा ५० हजारांवरील भाड्यावरच, तोही ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के, कापावा लागतो. बिचाऱ्या भाडेकरूला मालकाचा दर्जा बदलल्याचे ठाऊकच नसते. जबाबदारी मात्र त्याची. गावाकडची शेती खंडाने दिली असेल, तर तो खंड भारतात शेती उत्पन्न म्हणून करमुक्त. पण अमेरिकेत निवासी असलेल्याला तोच तिकडच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. उसाच्या फडाचा हिशेब टेक्सासमध्ये द्यायचा, हे थोरल्या भावाला समजावून सांगणे सोपे नसते.

दूरदेशीचे घर कोणाला दिसणार, या भरवशावर राहणेही आता कठीण आहे. भारत व अमेरिका यांच्यात जुलै २०१५ मध्ये आर्थिक खात्यांच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला. घर त्यात येत नसले, तरी भाडे जमा होणाऱ्या खात्यावर व्याज मिळत असेल तर त्या खात्याची माहिती येऊ शकते. याच माहितीच्या आधारे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये करदात्यांना लघुसंदेश व ई-मेल पाठवून आपली विवरणपत्रे पुन्हा तपासण्यास सुचविले होते.