रेशनकार्ड गावी, पोट नागपुरात

मोमिनपुऱ्याला आपण नागपूरचा जुना मोहल्ला म्हणतो. पण तो वसवणारे विणकरही पोटासाठी उत्तर हिंदुस्थानातूनच आले होते. आज कळमन्याच्या बाजारात पोती उतरवणारे आणि मिहानकडच्या बांधकामांवर सिमेंट वाहणारे छत्तीसगड, बालाघाट, बिहारमधून येतात. यातल्या अनेकांकडे रेशनकार्ड असते, पण ते गावी. इथे खोलीभाडे देऊन उरलेल्या मजुरीत तांदूळ बाजारभावाने घ्यावा लागतो. मग डाळ पातळ होते आणि मुलांचे दूध सुटते.

मे २०२० मध्ये वर्धा रोडवरून पायी निघालेल्या मजुरांना नागपूरकरांनी पोटभर जेवू घातले. त्याची आठवण सगळ्यांना आहे. भूक मात्र टाळेबंदीपुरती नव्हती.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत हेच धान्य देशातल्या कोणत्याही रेशन दुकानात घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सर्व राज्यांना ही योजना लागू करायला सांगितले. कार्ड इथे बदलून घ्यायची गरज नाही. निम्मे कुटुंब गावी असेल तर थोडे धान्य तिथे, थोडे इथे उचलता येते. गावाकडच्या सरकारने स्वतःहून दिलेला जादा तांदूळ किंवा मीठ मात्र इथे मिळत नाही.

खरी अडचण अंगठ्याची. विटा उचलून झिजलेली बोटे मशीन ओळखत नाही. अशा वेळी कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, पण त्याचा आधार कार्डाशी जोडलेला हवा. ई-केवायसीही झालेली हवी. ती गावी जाऊनच करावी लागते असे नाही.

रमजानमध्ये आपण किट वाटतो, ते चांगलेच आहे. पण किट एका महिन्याचे असते, आणि यादीत बहुधा ओळखीचीच घरे असतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने शेजारच्या मजुराबरोबर एकदा रेशन दुकानात जावे. त्याला दर महिन्याचे धान्य सुरू होईल. जाताना कार्डाचा नंबर आणि आधार बरोबर घ्यावा. ‘तुमचे कार्ड इथले नाही’ असे उत्तर मिळाले, तर तिथूनच १४४४५ वर फोन लावावा.