एका मुक्कामाचे नागपूर

फुलचूरच्या ज्येष्ठांना चार दिवस हवापालट परवडला नाही, तरी गोंदियाहून काही तासांवरच्या नागपुरात एक मुक्काम सहज जमतो. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना व सोबत येणाऱ्या लेकी-सुनांना अर्धे तिकीट. रेल्वेची ज्येष्ठ सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली. तरीही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आम्ही रेल्वेच सुचवू. डब्यात स्वच्छतागृह असते, आणि विदर्भ व महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटत असल्याने चढताना धावपळ होत नाही. प्रवासासाठी गोळी परस्पर बंद करणे वा पाणी तोडणे धोक्याचे. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

पहिल्या दिवशी विश्रांतीनंतर दीक्षाभूमी, दुसऱ्या दिवशी १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला ‘अजब बंगला’. एवढेच पाहावे, सोबतच्या माणसालाही बसायला उसंत हवी! काटकसर खरेदीत करावी, खोलीत नव्हे. तळमजला किंवा लिफ्ट, न घसरणारी न्हाणी आणि उंच बैठकीचे शौचालय यांची चौकशी आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच करावी. एप्रिल-मे टाळावेत. औषधे हातपिशवीत, एक दिवसाची जास्त घ्यावीत.