तात्या सरपंच कोणाला हसवतो, कोणाला हसतो

मच्छिंद्र कांबळी (४ एप्रिल १९४७ – ३० सप्टेंबर २००७) हे मालवणी बोलीला मराठी व्यावसायिक रंगभूमीवर मानाची जागा मिळवून देणारे नट आणि निर्माते. मालवण तालुक्यातले रेवंडी हे त्यांचे गाव. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रमेश रणदिवे यांच्या दिग्दर्शनाखाली व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि त्यातला तात्या सरपंच ही कांबळींची कायमची ओळख ठरली. पाच हजारांहून अधिक प्रयोग झालेले हे नाटक कॅसेटवरही गाजले. मुंबईत भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, जोगेश्वरी इथल्या चाकरमान्यांच्या वस्त्यांत, ज्यांनी कधी तिकीट काढले नव्हते त्यांनाही त्यातले संवाद तोंडपाठ असत.

या यशाविषयी एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. हे हसू शिव्यांवर उभे आहे, आणि त्यात कोकणातल्या भोळ्या माणसाची टिंगल आहे, असे ते मत. खुद्द कोकणी माणसांनीही आपल्या बोलीची थट्टा झाल्याची तक्रार केली आहे, त्यामुळे हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही.

शिव्यांचा भाग आधी. नाटकात शिव्या आहेत, भरपूर आहेत. मालवणी बोलण्यात शिवी रागाइतकीच लोभानेही येते, हे समर्थन नेहमी केले जाते आणि ते खरेही आहे; पण पुरेसे नाही. शिवी पहिल्यांदा ऐकताना दचकवते आणि हसवते. पाठ झालेल्या शिवीवर विसाव्यांदा कोणी हसत नाही. ‘वस्त्रहरण’ लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले, कॅसेट घासेपर्यंत ऐकली. या हसण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते, आणि ते नाटकाच्या रचनेत सापडते.

एका खेड्यातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे पौराणिक नाटक बसवतात. आधी तालीम, मग प्रत्यक्ष प्रयोग. कौरव-पांडवांना भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठी बोलायचे असते. ते बोलता बोलता जीभ घसरते, दरबारातला योद्धा आपल्या वाडीतला माणूस होतो आणि मालवणी सुरू होते. तात्या गावचा सरपंच. नाटकापुरतेही तो आपले सरपंचपण खाली ठेवत नाही. राजसभा भरलेली असताना तो मध्येच बोलतो, गावच्या बैठकीत बोलावे तसा, आणि महाभारताचे सूत्र त्याच्या हातात जाते. जड, छापील भाषा या माणसांच्या अंगावर भाड्याच्या पोशाखासारखी सैल पडते. हसू येते ते त्या भाषेचे आणि नाटकी अभिनयाच्या पोकळ डौलाचे. बोली त्या डौलाचे माप काढते. टिंगल कोणाची, हा प्रश्न इथे निकालात निघतो.

मुंबईच्या मराठी नाटकांत त्याआधी मालवणी बोलायची ती बहुधा रामा गड्याने. दिवाणखान्यातले शुद्ध बोलत, चहाचा ट्रे घेऊन येणारा बोली बोलून हशा मिळवून जाई. थट्टा खरी तिथे होती. ‘वस्त्रहरण’मध्ये दिवाणखानाच नाही, सगळे गाव एकाच बोलीत भांडते, नमते, मिरवते. तुलनेसाठी, अमेरिकेत कॅल स्टुअर्ट (१८५६–१९१९) याने ध्वनिमुद्रणाच्या मेणाच्या नळ्यांवर आणि नंतर तबकड्यांवर ‘अंकल जॉश’ हा खेडूत लोकप्रिय केला. त्याचा म्हातारा न्यूयॉर्कला जातो आणि शहराच्या रीतींपुढे गोंधळतो. तात्या शहरात जात नाही. शहरी प्रतिष्ठेची कलाच त्याच्या गावात येते आणि त्याच्या पद्धतीने वाकते.

दुसरा आक्षेप श्रेयाचा आहे. सुरुवातीचे प्रयोग थंड गेले, पु. ल. देशपांडे यांच्या कौतुकाच्या पत्राने नाटक तारले, हे प्रसिद्ध आहे. पत्राचा उपकार मोठाच. पण पत्र काही आठवडे गर्दी खेचते; काही हजार प्रयोग नटालाच खेचावे लागतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, परळ-लालबागची अनेक कोकणी कुटुंबे उपनगरांत पांगली, आणि हे नाटक मुलुंडचे कालिदास, विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे अशा नाट्यगृहांतून त्यांच्यापर्यंत गेले. गवाणकरांचे श्रेय मात्र नेहमीच कमी सांगितले जाते, आणि ही तक्रार रास्त आहे. २०१६ च्या ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा ‘वस्त्रहरण’ला छत्तीस वर्षे झाली होती.

कांबळींचे दुसरे काम कमी चर्चिले जाते. रेवंडीच्या भद्रकालीचे नाव देऊन त्यांनी ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ ही संस्था उभारली, ‘चाकरमानी’, ‘पांडगो इलो रे बा इलो’ अशी नाटके केली. एका नाटकाच्या नशिबावर जगणारा नट एवढे करीत नाही. पुढे याच संस्थेने ‘संगीत देवबाभळी’ हे नाटक रंगभूमीवर आणले.

कॅसेटमुळे कांबळी टिकले, हेही अर्धेच खरे. संहिता न बांधता बोलण्याची दशावतारी नटाची रीत त्यांच्या रक्तात होती. रंगमंचावर, समोरचे प्रेक्षक पाहून, ते वाक्ये घालत, गाळत, लांबवत. कॅसेटमध्ये ऐकू येतो तो अनेक तात्यांपैकी एक तात्या. त्याचा थांबा, अर्धवट सोडलेला शब्द, हशा ओसरण्याआधी टाकलेले पुढचे वाक्य एवढ्यावरूनही त्याचा दर्जा कळतो. ज्यांच्या घरी जुन्या मालवणी नाटकांच्या कॅसेट किंवा प्रयोगांची खाजगी ध्वनिमुद्रणे पडून आहेत, त्यांनी ती फीत चिकटून निकामी होण्याआधी संगणकावर उतरवून घ्यावीत, आणि ठाऊक असल्यास प्रयोगाची तारीख व नाट्यगृहाचे नाव सोबत लिहून ठेवावे.